क्लासच्या आधी प्रोटोटाइप

जावा, सी प्लस प्लस किंवा सी शार्प येणाऱ्या माणसाला जावास्क्रिप्ट वेगळी शिकावी लागत नाही, ती कामाच्या ओघात येते, असा समज संगणकाच्या क्षेत्रात खोल रुजला आहे. आपल्याकडे तो जरा जास्तच पक्का आहे. अभियांत्रिकीच्या बहुतेक विद्यार्थ्यांची वाट सीवरून सी प्लस प्लसकडे आणि तिथून जावाकडे जाते. वेबची भाषा नोकरी लागल्यावर, पहिल्या प्रकल्पाच्या घाईत हाती येते. महिरपी कंस तेच, इफ आणि फॉर तेच, न्यू तेच आणि २०१५ पासून क्लास आणि एक्स्टेंड्सही तेच. मग शिकायचे काय उरले? माझे म्हणणे याच्या उलट आहे. अनुभवी प्रोग्रामर जावास्क्रिप्टमध्ये ज्या चुका करतो त्यांतल्या सर्वांत महागड्या चुका अज्ञानातून होत नाहीत, त्याच्या जवळच्या ज्ञानातून होतात. न कळलेल्या गोष्टीपाशी माणूस थांबतो, विचारतो, वाचतो. ओळखीची वाटलेली गोष्ट तो न तपासता वापरतो. म्हणून दुसऱ्या भाषांतून येणाऱ्याने या भाषेची सुरुवात क्लासपासून करू नये. आधी नुसता ऑब्जेक्ट, मग त्याच्या मागे उभा असलेला प्रोटोटाइप, मग फंक्शन आणि सर्वांत शेवटी क्लास, हा क्रम त्याने धरावा.

हा क्रम भाषेच्या जन्मातच दडलेला आहे. १९९५ मध्ये नेटस्केपने ब्रेंडन आइक यांना घेतले ते ब्राउझरमध्ये स्कीम आणण्याचा विषय काढून. स्कीम ही लिस्पच्या घराण्यातली भाषा. तिच्यात फंक्शन हे आकड्यासारखेच एक मूल्य असते, ते व्हेरिएबलमध्ये ठेवता येते, दुसऱ्या फंक्शनच्या हाती देता येते. पण त्याच वेळी सन मायक्रोसिस्टिम्सची जावा जोरात होती आणि नव्या भाषेने दिसायला जावासारखे असावे असा नेटस्केपचा आग्रह पडला. मे महिन्यात सुमारे दहा दिवसांत आइक यांनी भाषेचा पहिला नमुना उभा केला. त्याच्या आत स्कीमची फंक्शने होती, सेल्फ या भाषेतले प्रोटोटाइप होते आणि वरचा पोशाख जावाचा होता. डिसेंबर १९९५ मध्ये नेटस्केप आणि सन यांनी मिळून ती जाहीर केली तेव्हा जावाशी नाते सांगणारे नावही तिला चिकटले. पुढे आइक यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की स्कीमच्या धाटणीची फंक्शने आणि सेल्फच्या धाटणीचे प्रोटोटाइप निवडल्याचा त्यांना आनंद आहे. खेद आहे तो जावाकडून आलेल्या गोष्टींचा. तारखांचा डेट हा ऑब्जेक्ट जावाच्या तशाच क्लासवरून घाईने उतरवला गेला, म्हणून आजही जावास्क्रिप्टमध्ये जानेवारी हा शून्यावा महिना आहे. जावाने २०१४ मध्ये आठव्या आवृत्तीत तारखांसाठी स्वतंत्र, नीट विचार केलेली व्यवस्था आणली. वेबवर मात्र जुनी पाने मोडू नयेत म्हणून मूळचा डेट अजून तसाच आहे. भाषेच्या कर्त्यालाच जो भाग उसना आणि सदोष वाटतो, तिथूनच आपण भाषेत शिरतो आणि ज्या दोन गोष्टींवर ती उभी आहे त्या शेवटी, बहुधा मुलाखतीच्या तयारीपुरत्या, पाहतो.

क्लासचे आणि प्रोटोटाइपचे अशा दोन प्रतिमानांत फरक काय आहे ते नीट पाहू. ऑस्लोमध्ये ओले-योहान दाल आणि क्रिस्टेन नीगार्ड यांनी १९६० च्या दशकात सिम्युला घडवली, तिथून क्लासची कल्पना निघाली आणि सी प्लस प्लसमार्गे जावापर्यंत आली. या परंपरेत आधी वर्गाची व्याख्या करायची, मग त्या व्याख्येबरहुकूम वस्तू घडवायच्या. वस्तूत कोणती क्षेत्रे असतील, कोणत्या मेथड असतील हे तिच्या जन्माआधी ठरलेले असते. डेव्हिड उंगार आणि रँडल स्मिथ यांनी १९८७ मध्ये सेल्फवरचा निबंध मांडला तो नेमका हा दुहेरी संसार नको म्हणून. त्यांच्या मते वस्तू तेवढ्या पुरेत. एखादी गोष्ट या वस्तूजवळ नसेल तर ती दुसऱ्या वस्तूकडे विचारणा करील. जावास्क्रिप्ट हेच करते. ऑब्जेक्टची एखादी प्रॉपर्टी मागितली की आधी त्याच्या स्वतःच्या प्रॉपर्टींत पाहिले जाते, नसेल तर त्याच्या प्रोटोटाइपमध्ये, तिथेही नसेल तर त्या प्रोटोटाइपच्या प्रोटोटाइपमध्ये, साखळी संपेपर्यंत. घरात नव्याने आलेल्या सुनेने पुरणाची कृती सासूला विचारावी, सासूने आजेसासूकडे बोट दाखवावे, पण पुरण शिजावे सुनेच्याच पातेल्यात, तसा हा प्रकार आहे. कृती वरून येते; साहित्य आणि भांडी विचारणाऱ्याचीच राहतात. वर सापडलेली मेथड चालते ती मूळ ऑब्जेक्टच्या नावाने.

यातून एक विषमता येते आणि जावाच्या सवयीला ती दिसत नाही. वाचताना साखळी चढली जाते, पण साध्या प्रॉपर्टीला नवे मूल्य देताना ते जिथल्या तिथे, त्या ऑब्जेक्टवरच बसते. म्हणजे प्रोटोटाइपवर शून्य किमतीची एक मोजणी ठेवली आणि एका ऑब्जेक्टने ती वाढवली, तर त्या ऑब्जेक्टला स्वतःची मोजणी मिळते आणि बाकीचे जुन्या शून्यावरच राहतात. पण तिथे आकड्याऐवजी एक रिकामी यादी ठेवली आणि एका ऑब्जेक्टने तिच्यात एक नोंद ढकलली, तर ती नोंद सर्वांना दिसते, कारण इथे काहीही नव्याने लिहिले गेलेले नाही; वर चढून सापडलेली एकच यादी बदलली गेली आहे. साखळी डोळ्यांसमोर असेल तर या दोन्ही गोष्टी एकाच नियमातून निघतात आणि कुठलेही आश्चर्य उरत नाही. साखळी माहीत नसेल तर एकदा असे आणि एकदा तसे वागणारी भाषा लहरी वाटते आणि माणूस ती चुकवण्याचे तोडगे पाठ करू लागतो.

सर्वांत जास्त तोडगे पाठ केले जातात ते धिसबद्दल. जावामध्ये धिस म्हणजे ही मेथड ज्याची आहे तो ऑब्जेक्ट. त्यात संदिग्धता नाही. पायथनमध्ये ऑब्जेक्टची मेथड नुसती काढून दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये ठेवली तरी ती आपल्या ऑब्जेक्टला धरून राहते. सी शार्पमधले डेलिगेटही तसेच. जावास्क्रिप्टमधले साधे फंक्शन मात्र कोणाचेच नसते. धिस काय असावे हे ते फंक्शन कुठे लिहिले यावर ठरत नाही, ते कसे बोलावले यावर ठरते. ऑब्जेक्ट, टिंब, मेथड असे बोलावले तर धिस तो ऑब्जेक्ट. तीच मेथड एखाद्या बटणाच्या क्लिकसाठी सोपवली तर धिस ते बटण. क्लासच्या आत लिहिलेली मेथड सुटी करून नुसतीच बोलावली तर धिस अनडिफाइंड. जावातून आलेला प्रोग्रामर म्हणतो की माझ्या मेथडमधून ऑब्जेक्ट हरवला. ऑब्जेक्ट कुठेही हरवलेला नाही. तो मेथडला बांधलेलाच नव्हता. आणि तो बांधलेला नसतो म्हणूनच तर वरच्या साखळीतली एकच मेथड खालच्या हजार ऑब्जेक्टांसाठी चालते. धिसचा हा नियम प्रोटोटाइपच्या रचनेचीच दुसरी बाजू आहे. एक समजले की दुसरे आपोआप समजते. एक टाळले की दुसरे पाठ करावे लागते. २०१५ साली आलेल्या अ‍ॅरो फंक्शनला स्वतःचा धिस नसतो, ते आजूबाजूचा धिस घेते. त्यामुळे पुष्कळांची अडचण दूर झाली, पण कारण न कळता सर्वत्र अ‍ॅरो लावणारा माणूस एक दिवस प्रोटोटाइपवर ठेवायची मेथडही अ‍ॅरोनेच लिहितो आणि पुन्हा तिथेच अडकतो.

यावर पहिला आक्षेप असा येतो की हा सगळा इतिहास झाला. आता क्लास आहे, तो शिका आणि पुढे चला. या आक्षेपातला खरा भाग आधी मान्य केला पाहिजे. जावास्क्रिप्टचा क्लास म्हणजे जुन्या रचनेवर शिंपडलेली साखर आहे, असे सरसकट म्हटले जाते ते पूर्ण बरोबर नाही. क्लासच्या आतला मजकूर आपोआप स्ट्रिक्ट नियमांत चालतो, क्लासला न्यू न लावता बोलावता येत नाही, भाषेच्या स्वतःच्या अ‍ॅरेपासून नीट वागणारा उपवर्ग काढणे त्याच्यामुळे शक्य झाले आणि २०२२ च्या आवृत्तीत हॅश-चिन्हाने सुरू होणारी खरोखरची खासगी क्षेत्रेही आली. या सोयी मोलाच्या आहेत आणि आज लिहिल्या जाणाऱ्या कोडमध्ये क्लास वापरावा, जुनी कन्स्ट्रक्टर फंक्शने लिहीत बसू नये, असेच माझेही मत आहे. पण वापरणे आणि तिथून शिकायला सुरुवात करणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. क्लासचा प्रकार काय असे टाइपऑफने विचारले तर उत्तर ‘फंक्शन’ असे येते. त्याच्या मेथड प्रोटोटाइप नावाच्या एका ऑब्जेक्टवर बसतात, तो ऑब्जेक्ट कार्यक्रम चालू असताना बदलता येतो आणि बदलला की आधीच जन्मलेल्या सगळ्या ऑब्जेक्टांचे वागणे त्याच क्षणी बदलते. जावाच्या क्लासबद्दल बाळगलेली खात्री इथे लागू पडत नाही.

ही गोष्ट पुस्तकी नाही. २०१८ मध्ये भाषेची मानक समिती यादीतल्या याद्या सपाट करणारी एक मेथड अ‍ॅरेला देणार होती आणि तिचे नाव फ्लॅटन ठरले होते. फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत ती येताच एक संकेतस्थळ मोडले. कारण मूटूल्स ही जुनी लायब्ररी. कित्येक वर्षांपूर्वी तिने त्याच नावाची आपली मेथड थेट अ‍ॅरेच्या प्रोटोटाइपवर ठेवली होती आणि मग त्या प्रोटोटाइपवरच्या मोजता येण्याजोग्या मेथड एकेक करून आपल्या दुसऱ्या ऑब्जेक्टवर उतरवून घेतल्या होत्या. भाषेने स्वतः दिलेल्या मेथड अशा मोजणीत दिसत नाहीत. त्याच नावाची मेथड ब्राउझरने आधीच ठेवलेली असल्यावर मूटूल्सने तिच्यावर आपली लिहिली तरी तो न दिसण्याचा गुण तसाच राहिला, मेथड मोजणीत आली नाही, पुढे उतरवली गेली नाही आणि तिच्यावर विसंबलेली पाने बंद पडली. शेवटी समितीने नाव बदलून फ्लॅट केले आणि २०१९ च्या आवृत्तीत ते आले. त्याआधी याच लायब्ररीमुळे कंटेन्स हे नाव सोडून इन्क्लूड्स घ्यावे लागले होते. जगभराच्या वेबचे एक नाव ठरवताना एका सामायिक, बदलता येण्याजोग्या ऑब्जेक्टचा विचार करावा लागतो, एवढी ही रचना जिवंत आहे. तिला क्लासच्या झाकणाखाली ठेवून भाषा आली असे म्हणता येणार नाही. प्रोटोटाइप पोल्यूशन नावाने ओळखली जाणारी सुरक्षेची छिद्रेही इथूनच निघतात. बाहेरून आलेली माहिती निष्काळजीपणे एखाद्या ऑब्जेक्टमध्ये मिसळली आणि ती साखळीच्या मुळाशी पोचली, तर तिचा परिणाम कार्यक्रमातल्या जवळजवळ प्रत्येक ऑब्जेक्टवर होतो. २०१९ मध्ये लोडॅशसारख्या अतिशय प्रचलित लायब्ररीतही असे छिद्र सापडून बुजवावे लागले.

आणखी एक लहान पुरावा. एखादी वस्तू अमुक क्लासची आहे का, हे विचारायला इन्स्टन्सऑफ आहे आणि जावातून येणारा तो विश्वासाने वापरतो. पण पानातल्या आयफ्रेममधून आलेल्या यादीबद्दल तो विचारला तर ती अ‍ॅरे नाही असे उत्तर मिळते. इन्स्टन्सऑफ वंश विचारत नाही. एक ठरावीक प्रोटोटाइप साखळीत आहे का, एवढेच पाहतो आणि प्रत्येक फ्रेमचा अ‍ॅरे आणि त्याचा प्रोटोटाइप वेगळा असतो. २००९ च्या पाचव्या आवृत्तीत यादी ओळखण्यासाठी स्वतंत्र फंक्शन द्यावे लागले त्यामागे हेच कारण होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तो असा, की आज वेबवर काम करणारा माणूस टाइपस्क्रिप्ट वापरतो आणि रिअ‍ॅक्टसारख्या चौकटीत लिहितो. त्याच्यापर्यंत प्रोटोटाइप पोचतच नाही. टाइपस्क्रिप्टपासून सुरू करू. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये ती आणली, अँडर्स हेल्सबर्ग यांच्या नेतृत्वाखाली, आणि हेल्सबर्ग हे सी शार्पचेही शिल्पकार. साहजिकच ती सी शार्पवाल्यांना घरची वाटते. पण तिने प्रकार ओळखण्याची पद्धत सी शार्पची घेतली नाही. टाइपस्क्रिप्टमध्ये एखादी वस्तू कोणत्या क्लासची म्हणून घोषित झाली याला महत्त्व नसते. तिच्यात हव्या त्या प्रॉपर्टी हव्या त्या प्रकारच्या आहेत का, याला असते. ग्राहक आणि पुरवठादार असे दोन क्लास लिहिले आणि दोघांतही फक्त नाव आणि पत्ता असेल, तर एकाच्या जागी दुसरा चालतो. जावात हे घडणार नाही. असे करण्यावाचून गत्यंतर नव्हते, कारण खालची जावास्क्रिप्ट क्लासवर उभी नाही, वाटेल तिथे जागच्या जागी लिहिलेल्या ऑब्जेक्टांवर उभी आहे. शिवाय टाइपस्क्रिप्टचे प्रकार ब्राउझरपर्यंत पोचण्याआधी पुसले जातात. चालते ती जावास्क्रिप्टच. म्हणजे ही भाषा आपल्याला जावास्क्रिप्टपासून वाचवते असे नाही, तिच्याबद्दल अधिक काटेकोर बोलायला शिकवते आणि ज्याला खालचे माहीत आहे त्याला तिचा जास्त उपयोग होतो.

रिअ‍ॅक्टची हकिकत तर माझ्या मुद्द्याची साक्षच आहे. बराच काळ तिथे घटक क्लासने लिहिले जात आणि प्रत्येक घटकाच्या कन्स्ट्रक्टरमध्ये मेथडना बाइंड करण्याच्या ओळी लिहाव्या लागत, नाहीतर क्लिक होताच मेथड सुटी बोलावली जाई आणि धिस अनडिफाइंड होई. हजारो लोकांनी त्या ओळी मंत्रासारख्या लिहिल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये १६.८ या आवृत्तीत हुक्स आले आणि बहुतेक सगळे घटक साध्या फंक्शनने लिहिता येऊ लागले. क्लास शिकणाऱ्यांना गोंधळात टाकतात आणि धिस इतर भाषांपेक्षा वेगळा वागतो, हे रिअ‍ॅक्टच्या कर्त्यांनी त्या बदलाच्या कारणांत स्वतः नोंदवले. तेव्हा जे क्लासपुरतेच शिकले होते त्यांना एकाएकी क्लोजर समजून घ्यावा लागला, म्हणजे आतल्या फंक्शनने जन्माच्या वेळचे भोवतालचे व्हेरिएबल धरून ठेवणे. हा स्कीमकडून आलेला वारसा, भाषेत आधीपासूनच होता. ज्यांनी भाषा मुळातून शिकली होती त्यांना हा बदल सोपा गेला असणार, कारण त्यांच्यासाठी तो नवा नव्हता. चौकटी काही वर्षांनी बदलतात. मुळातली दोन तत्त्वे १९९५ पासून बदललेली नाहीत. नोकरी टिकवण्याच्या निव्वळ व्यवहारी हिशेबानेही शिकण्याचा वेळ कुठे घालावा याचे उत्तर यात आहे.

तिसरा आक्षेप थोडा कडवट असतो. दहा दिवसांत उभी केलेली, दोष असलेली भाषा. तिच्या रचनेला एवढा मान कशाला? नलचा प्रकार विचारला तर ऑब्जेक्ट असे सांगणारी, दोन बरोबर-चिन्हांच्या तुलनेत प्रकार आपोआप बदलणारी ही भाषा सदोष आहेच. परंतु प्रोटोटाइप हा त्या दहा दिवसांचा अपघात नव्हे. त्यामागे सेल्फचे अनेक वर्षांचे गंभीर संशोधन आहे, झेरॉक्स पार्कमध्ये सुरू झालेले, स्टॅनफर्ड आणि सनमध्ये वाढलेले. क्लास नसलेल्या भाषेला वेगवान कसे करायचे हा त्या गटापुढचा प्रश्न होता आणि सारख्या घडणीच्या ऑब्जेक्टांचा आतल्या आत एक समान नकाशा ठेवण्याची युक्ती त्यांनी काढली. त्या गटात काम केलेले लार्स बाक पुढे सनमध्ये जावाच्या हॉटस्पॉट यंत्रावर होते आणि नंतर गूगलमध्ये त्यांनी व्ही-८ उभारले, जे २००८ मध्ये क्रोमबरोबर आले. म्हणजे आजच्या जावास्क्रिप्टच्या वेगामागे सेल्फचे काम आहे आणि जावाच्या वेगामागेही तेच आहे. प्रोटोटाइपला कमअस्सल मानणाऱ्या जावावाल्याने ही वंशावळ एकदा तरी पाहावी. तिचा रोजच्या कामातही उपयोग आहे. एकाच प्रकारच्या ऑब्जेक्टांत प्रॉपर्टी एकाच क्रमाने घातल्या तर यंत्राला तो समान नकाशा वापरता येतो. कुठे क्रम बदलला, कुठे मध्येच प्रॉपर्टी काढून टाकली तर नकाशे वाढतात आणि वेग पडतो.

जुने ज्ञान टाकून द्या असे मी म्हणत नाही. एका भाषेतून दुसरीत जाणे दर वेळी सारखेच अवघड नसतेही. जुलै २००४ मध्ये पीएचपीची पाचवी आवृत्ती आली तेव्हा तिने इंटरफेस, अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लास, प्रायव्हेट आणि प्रोटेक्टेड हे सगळे जावाच्या वळणाने घेतले. तिथे जावावाल्याचे पूर्वज्ञान जवळपास जसेच्या तसे चालते आणि क्लासपासून सुरुवात करणेच योग्य ठरते. जावास्क्रिप्टमध्येही मोठा कार्यक्रम लहान भागांत कसा तोडावा, नावे कशी द्यावीत, एका भागाचे आतले दुसऱ्याला का दिसू नये, चाचण्या कशा लिहाव्यात, ही समज पूर्णपणे कामी येते आणि नवशिक्यापेक्षा अनुभवी माणूस इथे मैलभर पुढे असतो. नेहमीच्या आकड्यांचा एकच प्रकार असणे, एकाच धाग्यावर घटनांच्या रांगेने काम चालणे, असे फरक तो दोन दिवसांत उचलतो, कारण ते उघडपणे वेगळे दिसतात. अडचण फक्त तिथे आहे जिथे रूप तेच आणि रचना निराळी. आणि तिथे आपल्याकडच्या अभ्यासक्रमांनी, पुस्तकांनी आणि कंपन्यांतल्या प्रशिक्षणांनी त्याला सावध करायला हवे. सध्या घडते ते उलटे: तुम्हाला क्लास माहीतच आहे, असे म्हणून पहिल्याच दिवशी तो झाकलेला खड्डा ओलांडायला लावतात.

इतका वेळ कोणाकडे आहे, हा शेवटचा प्रश्न उरतो. मला वाटते वेळ फार लागत नाही. प्रोग्रामिंग येणाऱ्याला एक आठवडा पुरावा. या आठवड्यात क्लास हा शब्द वापरायचा नाही. पहिल्यांदा ऑब्जेक्ट नुसते कंसांत लिहायचे. मग ऑब्जेक्ट-क्रिएटने एकाच्या मागे दुसरा उभा करायचा आणि कोणती प्रॉपर्टी कुठून येते हे हॅजओनने तपासायचे. एकच फंक्शन चार तऱ्हांनी बोलावून प्रत्येक वेळी धिस काय येतो ते छापून पाहायचे. क्लोजरने एक खासगी मोजणी बांधायची. फंक्शनला न्यू लावल्यावर नेमके काय होते, म्हणजे नवा ऑब्जेक्ट, त्याला जोडलेला प्रोटोटाइप, त्याच्या नावाने चाललेले फंक्शन, हे एकदा स्वतः हाताने, न्यू न वापरता लिहून पाहायचे. आणि त्यानंतर तीच दोन पिढ्यांची रचना क्लास आणि एक्स्टेंड्सने लिहून ब्राउझरच्या कन्सोलमध्ये दोन्ही साखळ्या उघडायच्या आणि एकीतली कोणती कडी दुसरीत कुठे बसली आहे ते जुळवायचे.